बावीसच भरतायत

आमच्याकडे सहलीचा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "या वेळी फार माणसं नकोत." आणि जो हे म्हणतो, तोच दुसऱ्या दिवसापर्यंत आणखी दोघांना विचारून मोकळा झालेला असतो. असं करत करत यंदा आम्ही २३ झालो. आजीला धरून. म्हणजे खरोखरच धरून, कारण न धरता ती आता उभी राहत नाही.

पाच दिवस, तळ्याकाठचा एक बंगला, आणि दोन बाथरूम. तिसरंही होतं, पण त्याची कडी आतून लागत नव्हती. त्यामुळे ज्यांना आतून सतत मोठ्यानं गाता येतं, त्यांच्यासाठी ते राखीव ठेवलं. पहिल्या सकाळी कळलं की आमच्यात असे फक्त मोठे काका आहेत.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. त्यामुळे याद्या करणं, खोल्या वाटणं, गाडीत चढताना डोकी मोजणं ही कामं मला न विचारता माझ्याकडे येतात. मला ती आवडतात, हे कबूल करते. सगळे गोंधळ घालत असताना हातात कागद घेऊन उभं राहिलं की आपण त्या गोंधळात नाही असं वाटतं. हा समज किती पोकळ होता ते पुढे येईलच.

कुठे जायचं इथूनच सुरुवात झाली. काकांच्या घराला आधी समुद्र हवा होता, मग डोंगर, मग तळं. आमच्या घराला आधी डोंगर, मग तळं, मग समुद्र. आत्याच्या घराला आधी तळं, मग समुद्र, मग डोंगर. मी म्हटलं, सोपं आहे, मतदान घेऊ. समुद्र की डोंगर? दोन घरं समुद्राच्या बाजूनं. डोंगर की तळं? दोन घरं डोंगराच्या बाजूनं. म्हणजे समुद्र पहिला, डोंगर दुसरा, तळं तिसरं. झालं? नाही. आत्या म्हणाली, आता तळं की समुद्र तेही विचार. विचारलं, तर दोन घरं तळ्याच्या बाजूनं. समुद्र डोंगराला हरवतो, डोंगर तळ्याला, आणि तळं समुद्राला. काँदॉर्से नावाच्या फ्रेंच गणितज्ञानं १७८५ मध्ये हा पेच मांडून ठेवला आहे : प्रत्येक माणूस आपापल्या जागी नीट विचार करत असला तरी सगळ्यांचं मिळून डोकं गरागरा फिरू शकतं. मी वर्गात तो दरवर्षी शिकवते, आणि दरवर्षी मुलं म्हणतात, मॅडम, असं खरं होत नाही. पेच आजीनं सोडवला. "जिथे जिना नसेल तिथे," ती म्हणाली. तळ्याकाठचा बंगला बैठा होता.

पहिल्या रात्री सगळे पडवीत बसलो होतो तेव्हा आतेभावाला कुठेतरी वाचलेलं आठवलं. २३ माणसं एकत्र असली तर त्यातल्या दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. "खरं का गं?" खरं आहे, ५०.७ टक्के. मग पैजा लागल्या, तारखा विचारणं सुरू झालं, आणि मधेच माझी वहिनी शांतपणे म्हणाली, "अहो, आपल्यात जुळी आहेत." तिचीच. पैज तिथेच बुडाली.

पण यामागचं कारण मी त्यांना सांगितलं, कारण न सांगता मला राहवत नाही. आपण स्वतःच्या वाढदिवसाशी बाकीच्यांचा ताडून पाहतो, म्हणून २३ हा आकडा लहान वाटतो. पण ताडायच्या असतात त्या जोड्या. २३ माणसांत दोघादोघांच्या जोड्या किती? २५३. यावर माझा धाकटा भाऊ म्हणाला, "म्हणजे आपल्याकडे २५३ भांडणं होऊ शकतात." आणि आई म्हणाली, "झालीत."

आकडा मात्र माझ्या डोक्यात राहिला. दुसऱ्या दिवशी जेवताना मी बघत होते. लांबलचक टेबल, तेवीस माणसं, आणि एक संभाषण कधीच नाही. चार जण गाड्यांविषयी बोलतायत, तिघी गुडघेदुखीविषयी, मुलं आपसात. पाचवा कुणी येऊन बसला की पाच मिनिटांत दोन आणि तीन असे तुकडे पडतात. मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये माणसांच्या गप्पा मोजून हेच लिहिलं होतं, की एका संभाषणात साधारण चारच जण मावतात. म्हणजे २३ जणांची सहल असं काही नसतं. चार-चार जणांच्या पाच-सहा सहली एकाच छपराखाली एकमेकींना अडखळत चाललेल्या असतात. आणि चौकड्या दर वर्षी त्याच.

दुसऱ्या दिवशीची मोठी घटना म्हणजे मिनीबसचं चाक. बंगल्याकडे येणाऱ्या कच्च्या रस्त्यावर ते चिखलात रुतलं. सगळे पुरुष खाली उतरले, कारण अशा वेळी उतरायचं असतं. दादा, म्हणजे मोठ्या काकांचा मुलगा, बाजूला उभा राहून "एक, दोन, तीन" म्हणत होता, आणि तीनला काही जण ढकलत होते व काही जण तीननंतर ढकलत होते. काकांनी तर बसला हात लावला होता तो आशीर्वाद दिल्यासारखा. मी खिडकीत बसून हसत होते, कारण मला रिंगलमान आठवत होता. हा फ्रान्समधला शेतकी अभियंता. माणसांना दोरी ओढायला लावून त्यानं एकट्याचा जोर आणि जमावाचा जोर मोजला, आणि १९१३ मध्ये ते छापलं. त्याच्या हिशेबात आठ जण मिळून काम करू लागले की प्रत्येकाच्या वाट्याचा जोर जवळजवळ निम्म्यावर येतो. थोडं कारण असं, की सगळ्यांचा झटका एका क्षणी लागत नाही. थोडं असं, की बाकीचे आहेतच. पंधरा मिनिटांनी चालकानं सगळ्यांना नम्रपणे बाजूला व्हायला सांगितलं, जुळ्यांनी तळ्यावरून गोळा केलेले चपटे दगड मागून घेतले, ते आणि थोड्या सुक्या फांद्या चाकाखाली घातल्या आणि एका दमात बस बाहेर काढली. जुळी दगडांसाठी संध्याकाळपर्यंत रडत होती. पुरुषांनी मात्र जेवताना "आपण काढली ती" हाच पाठ ठेवला.

सकाळच्या आंघोळींचं वर्णन करत नाही. एवढंच सांगते की दोन बाथरूम आणि माणशी दहा मिनिटं धरली तर जवळजवळ दोन तास होतात, आणि या हिशेबात ताईचा सतरा वर्षांचा मुलगा धरलेला नाही.

तिसऱ्या दिवशी धबधबा.

धबधब्याला कुणालाच जायचं नव्हतं. हे नंतर कळलं. काकांना वाटलं मुलं कंटाळलीत. मुलांना वाटलं काकांची इच्छा आहे. आत्याला वाटलं आपण नाही म्हटलं तर आपल्यामुळे सगळ्यांचं राहील. माझा नवरा "मला काहीही चालेल" म्हणाला, ज्याचा अर्थ चालणार नाही असा असतो हे मला पंधरा वर्षांनी तरी कळायला हवं होतं. जेरी हार्वी नावाच्या व्यवस्थापनाच्या प्राध्यापकानं १९७४ मध्ये स्वतःच्या सासुरवाडीची अशीच गोष्ट लिहिली होती. टेक्सासमधलं कोलमन गाव, रणरणती दुपार, चौघं ओट्यावर निवांत खेळत बसलेली. सासरे म्हणाले, ॲबिलीनला जाऊन जेवू या. ५३ मैल. गाडीत थंड हवेची सोय नाही. सगळे हो म्हणाले, धुळीत जाऊन वाईट जेवून चार तासांनी परत आले, आणि मग एकेकानं कबूल केलं की मला तर जायचंच नव्हतं. सासऱ्यांनासुद्धा. ते म्हणे इतरांना कंटाळा आला असेल म्हणून बोलले होते. माणसांना भांडण सांभाळता येत नाही असं आपण म्हणतो. हार्वीचं म्हणणं होतं की त्यांना एकमत सांभाळता येत नाही. आमच्या घरात भांडण उत्तम सांभाळलं जातं, हे मी खात्रीनं सांगते.

तर तास-सव्वा तासाचा प्रवास करून, पायवाट उतरून आम्ही धबधब्याशी पोचलो. पाणी बेताचं होतं. दहा मिनिटांत बघून झालं, म्हणून फोटो काढायचं ठरलं. यातही शास्त्र आहे. ऑस्ट्रेलियातल्या स्वेन्सन आणि बार्न्स या दोघांना २००६ मध्ये इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं ते याच गणितासाठी, की सगळ्यांचे डोळे उघडे असलेला एक तरी फोटो मिळायला किती फोटो काढावेत. वीसच्या आतला घोळका असेल तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीननं भागायचं, उजेड कमी असेल तर दोननं. आम्ही विसाच्या वर, त्यात झाडांची सावली, त्यामुळे मी सरळ सोळा काढले. अकराव्यात सगळ्यांचे डोळे उघडे सापडले. फक्त आजी कॅमेऱ्याकडे न बघता दादाच्या टकलाकडे बघत होती. "सगळे आले!" मी जाहीर केलं, आणि फोटो सगळ्यांना पाठवून दे म्हणून फोन ताईच्या मुलाच्या हातात दिला.

मग वर चढून गाड्यांपाशी. सोळा जागांची मिनीबस आणि मागे भावाची सात जागांची गाडी. मी नेहमीप्रमाणे दोन्हींच्या दारांशी जाऊन डोकी मोजली. बसमध्ये पंधरा. गाडीत सात. बावीस.

पुन्हा मोजली. बावीसच.

माझ्या पोटात खड्डा पडला. खाली पाणी, निसरडे दगड, आणि बरोबर सहा मुलं. कुणाला काही सांगायला थांबले नाही, तशीच पायवाटेनं खाली धावत सुटले. अर्ध्या वाटेवर लक्षात आलं की हाक कुणाला मारायची तेच मला माहीत नाही. म्हणून नुसतीच "अरे! ए! अरे!" असं ओरडत होते. धबधब्याशी दोन माकडं होती, ती पळाली.

मागून काठीचा आवाज आला. आतोबा हळूहळू उतरत होते. आतोबा म्हणजे आत्याचे यजमान, वय ७४. गाडीत मागच्या सीटवर खिडकीशी बसलेले मी त्यांना मघाशीच मोजलं होतं.

"कुणाला शोधतेयस?" त्यांनी विचारलं.

"एक जण कमी आहे, आतोबा. बावीसच भरतायत."

ते एका दगडावर टेकले, दम घेतला आणि म्हणाले, "बावीस बरोबर आहेत. तेविसावी तू."

नदी ओलांडून पलीकडे गेलेल्या दहा मूर्खांची गोष्ट मला लहानपणापासून पाठ आहे. जो तो मोजतो, नऊच भरतात, आणि सगळे बुडालेल्या दहाव्यासाठी रडत बसतात, कारण मोजणारा स्वतःला मोजत नाही. मुलीला ती मी किती वेळा सांगितली असेल. एम. एस्सी., पीएच. डी., आणि नदीसुद्धा ओलांडायची गरज पडली नाही.

"मी सांगायलाच उतरलो," आतोबा म्हणाले. "हाक मारली, पण तू धावत होतीस."

तेवढ्यात वरून बसचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. मग दुसरं. मग दोन्ही आवाज लांब गेले.

नंतर जी चौकशी झाली तिचा निष्कर्ष असा : बसमधल्यांना वाटलं मी गाडीत आहे. गाडीतल्यांना वाटलं आतोबा पाय लांब करायला बसमध्ये गेले. माझा फोन बसमध्ये होता. आतोबांचा फोन जुळ्यांकडे होता, खेळायला. दोष कुणाचा यावर अजून एकमत नाही, आणि या एका बाबतीत ते होऊ नये असंच मला वाटतं.

वर येऊन आम्ही रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसलो. दहा-पंधरा मिनिटं काहीच बोललो नाही. मी ४२ वर्षांची आहे, आणि आतोबा माझ्या जन्माआधीपासून आमच्या घरात आहेत. तेवढ्या वेळात त्यांच्याशी मी काय बोलले असेन? "बसा", "कसे आहात", "आत्या कुठे आहे". आमच्यापैकी कुणीच जास्त बोललेलं नव्हतं. ते अबोल आहेत, हे आमच्याकडे उंची किंवा रक्तगटासारखं गृहीत धरलेलं होतं. २५३ जोड्यांमधली ही एक जोडी इतकी वर्षं कोरी होती, आणि ती भरायला दोन गाड्या चुकाव्या लागल्या.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "तुम्ही छापखान्यात होतात ना?"

"मुद्रितशोधक. अडतीस वर्षं."

आणि मग ते बोलायला लागले. खिळ्यांचे दिवस, म्हणजे धातूची सुटी अक्षरं जुळवून छापायचे. खिळा उलटा असतो, त्यामुळे ते जुळवणारा जुळारी आरशातली अक्षरं वाचावीत तसा वाचत असे. गॅलीवरचं, म्हणजे जुळवलेल्या खिळ्यांच्या तबकावरचं, पहिलं प्रूफ यायचं तेव्हा दोघांनी बसायचं. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं प्रुफावर नजर ठेवायची. आतोबांचा आवाज स्वच्छ, म्हणून वाचायचं काम त्यांच्याकडे. नुसते शब्द नव्हे, सगळं वाचायचं. त्यांनी मला वाचून दाखवलं, त्याच आवाजात, समोरच्या झाडाकडे बघत : "तो आला स्वल्पविराम पण बसला नाही पूर्णविराम नवा परिच्छेद. 'ती' दुसरी वेलांटी. 'नि' पहिली."

"दिवसाला सात-आठ तास," ते म्हणाले. "घरी यायचो तेव्हा तोंडात एक शब्द उरलेला नसायचा. तुमच्याकडे आलो की सगळे एकदम बोलणारे. मला बरंच वाटायचं. कुणी माझ्याकडून वाचून घेत नव्हतं."

म्हणजे अबोल नव्हतेच. आमच्याकडे यायचे तोवर त्यांचं बोलून झालेलं असायचं. हे आमच्या घरात कुणाला माहीत आहे का, असं मी विचारलं. "तुझ्या आत्याला," ते म्हणाले. थोडं थांबून, "आणि आता तुला."

मग त्यांनी वहीचं सांगितलं. घरातल्या लहान मुलांचे चुकीचे शब्द ते एका वहीत लिहून ठेवतात, तारखेसकट. सवय. दादा 'रिकामं'ला 'किरामं' म्हणायचा. माझा भाऊ 'हेकिलॉप्टर'. ताई 'बजरदस्त'. माझ्या मुलीचाही एक शब्द आहे त्यात, जो मी पार विसरून गेले होते. "बहुतेकांची चूक एकच," आतोबा म्हणाले, "अक्षरांची अदलाबदल. जुळाऱ्यांचीही नेहमीची तीच. हात घाई करतो."

"आणि माझी?"

ते हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. "तू अदलाबदल नाही केलीस. तू गाळायचीस. मोजताना. अकरा, बारा, तेरा, पंधरा. दोन वर्षं तुझ्या आकड्यांत चौदा नव्हता. मी वहीत तेरा आणि पंधराच्या मधे काकपद, म्हणजे काही गळल्याची खूण, काढून ठेवलंय."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीत?"

"तुझे बाबा सांगत होते की रोज. रोज रडायचीस. मी म्हटलं, प्रूफ आहे अजून. छापलं कुठे गेलंय."

दोन तास वीस मिनिटं आम्ही तिथे होतो. बरंच बोललो, सगळं इथे लिहीत नाही. शेवटी वळणावर बस दिसली. ती आमच्याशी येऊन थांबायच्या आधीच तिच्यातून सगळे एकदम ओरडत होते. नवरा उडी मारून उतरला आणि पहिल्यांदा मला रागावला. आत्या आतोबांना रागावली. दादा भावाला रागावला. भाऊ म्हणाला, मोजायचं काम कुणाकडे होतं? ताईच्या मुलानं माझा फोन पुढे केला. त्यावर अकरावा फोटो उघडलेला होता. "मावशी, यातपण तू नाहीयेस," तो म्हणाला. आजीला बंगल्यावर ठेवून आले होते. आम्ही परतलो तेव्हा तिनं विचारलं, "पाणी होतं का बरं?"

त्या रात्री जेवताना आतोबा माझ्या शेजारी बसले होते. बोलले नाहीत. मीही त्यांना बोलायला लावलं नाही.

परतीच्या सकाळी दोन पिशव्या, एक चष्मा आणि ओल्या कपड्यांचा एक गठ्ठा कुणाचा ते ठरेना. दादा चालकाला रस्ता समजावत होता, जो चालकाला माहीत होता. मोजायचं काम माझ्याकडून काढून घ्यावं असा ठराव आदल्या रात्री झाला होता, पण दुसरं कुणी ते घ्यायला पुढे आलं नाही, म्हणून ते पुन्हा माझ्याकडेच आलं. या वेळी सगळ्यांना आधी बसच्या दाराशी रांगेत उभं केलं आणि मोठ्यानं मोजायला लागले. स्वतःच्या छातीवर हात ठेवून एक म्हटलं. टाळ्या पडल्या. दोन आजी. तीन, चार, पाच. जुळ्यांनी जागा बदलल्या, त्यांना परत उभं केलं. अकरा. बारा. तेरा.

मी श्वास घ्यायला थांबले, एवढंच.

"चौदा," रांगेच्या शेवटून आतोबा म्हणाले.